नऊ नंबरची ओळ

अकरा वर्षांनी शोर्शचा आवाज ऐकला आणि मी फोन आपटला.

मार्चचा शेवटचा मंगळवार होता, दुपारचे सव्वाचार वाजले होते. मी दोन नंबरच्या खोलीतला गळका नळ बदलत होतो. फोन उचलला तर तो म्हणाला, "ओटमार, वर ये." एवढंच. मला वाटलं, रोझविटाने त्याला समेटाला बसवलंय. मी रिसीव्हर ठेवला आणि पुन्हा पाना हातात घेतला.

दुसऱ्यांदा फोन वाजला तेव्हा त्याची सून होती. "काका, फोन ठेवू नका," ती म्हणाली. "रोझविटाकाकू उठत नाहीयेत."

माझी बायको अशी गेली. मला त्याबद्दल नीट लिहिता येत नाही. पण तिचा कागद अर्धा राहिलाय, म्हणून हे लिहितोय.

बाम्बेर्गमध्ये नदीच्या काठाला आमचं तीन खोल्यांचं पाहुणेघर आहे. येणारा प्रत्येक जण तेच विचारतो. बघायचं काय, खायचं कुठे, बिअर कोणती प्यायची. तेच तेच सांगून तोंड दुखायला लागलं तेव्हा रोझविटाने एक कागद तयार केला. त्याला आता एकतीस वर्षं झाली. एकच पान, नऊ नंबर. दर वर्षी ईस्टरच्या आधी नवा छापायचा.

कागदावर ती बोलायची तशीच लिहायची. एक नंबरला नदीच्या मधोमध उभं असलेलं जुनं नगरभवन. "फोटो सगळेच पुलावरून काढतात. तुम्ही सकाळी नऊच्या आत खालच्या पायवाटेवर जा." तीन नंबरला कॅथेड्रलमधला दगडी घोडेस्वार. "हा कोण, हे कुणालाच माहीत नाही. गाईड नाव सांगेल, त्याच्यावर विश्वास ठेवू नका." चार नंबरला आमच्या गावची धुराची बिअर, धुरावर वाळवलेल्या जवाची. "पहिल्या घोटाला वाटेल, कुणीतरी मगात डुकराच्या मांसाचा तुकडा बुडवून काढलाय. तक्रार करू नका. तिसऱ्या मगानंतर काय ते बोला." सहा नंबरला भरलेला कांदा. आत खिमा, वर बिअरचा रस्सा. "बाराला जा. एक वाजता संपतो, आणि मग वाढणारी बाई चिडलेली असते."

तिचे नियम दोन. या वर्षी स्वतः जाऊन चाखलेलं नाही ते कागदावर घालायचं नाही. आणि एकट्याने चाखलेलंही घालायचं नाही. "एक जीभ खोटं बोलते," ती म्हणायची. "भूक लागलेली असते, नाहीतर सर्दी झालेली असते. दोन जिभा लागतात." म्हणून दर मार्चमध्ये आम्ही दोघं सगळा कागद चालून यायचो. एक ते आठ.

नऊ नंबर शोर्शचा. टेकडीवरचा त्याचा केलर. केलर म्हणजे तळघर, पण बिअर खाली ठेवायची आणि माणसांनी वर चेस्टनटच्या झाडांखाली बसायचं, अशी आमची रीत. बिअर खिडकीवरून स्वतः आणायची, खायचं घरून न्यायचं. शोर्श आणि मी शाळेत एका बाकावर होतो. मोठ्या झाडाच्या बुंध्याशी आमचं ठरलेलं टेबल होतं, आम्ही सहा जण, दर गुरुवारी. अकरा वर्षांपूर्वी एका गुरुवारी गेलो तर तिथे सहलीची चाळीस माणसं बसली होती आणि आमचं टेबल कचऱ्याच्या डब्यांपाशी सरकवलं होतं.

"एका दिवसाचा प्रश्न आहे रे," शोर्श म्हणाला.

"मग एक दिवस त्यांना डब्यांपाशी बसव," मी म्हणालो.

त्यानंतर मी त्या टेकडीवर पाऊल ठेवलं नाही. बाकीचे चौघे आठवड्याभरात परत गेले. मी नाही गेलो. रोझविटाला म्हणालो, नऊ नंबर काढून टाक. ती म्हणाली, "तुझा राग तुझ्या खिशात ठेव. बिअर चांगली आहे." दर वर्षी ती आपल्या बहिणीला, इर्मगार्डला, घेऊन जायची आणि नऊ नंबर लिहायची.

या हिवाळ्यात इर्मगार्डच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं.

त्या मंगळवारी सकाळी रोझविटा मुळा चिरत होती. पातळ चकत्या, वर मीठ. डबा भरताना म्हणाली, "आज तू दुसरी जीभ."

"मी येणार नाही."

"ऊन पडलंय, ओटमार. शोर्शने आजच केलर उघडलाय."

"शोर्शला मुळा दे माझ्याकडून."

"बहात्तर वर्षांचा घोडा झालास, आणि टेबलासाठी रुसून बसलायस."

"मग घोड्याला न्यायचं कशाला वर?"

ती हसली. मी हसलो नाही. दारातून म्हणाली, "मी तुझा मग घेऊन ठेवते. तू येशील."

दोन वाजता मी बूट घातले. पायरीवर बसून नाड्याही बांधल्या. मग शोर्शचा चेहरा डोळ्यांसमोर आला. तो खिडकीतून बघून हसेल, असं वाटलं. बूट काढले आणि नळाचं काम काढलं.

आमच्याकडे केलरवर एक चाल आहे. पुठ्ठ्याची गोल चकती मगावर ठेवली की त्याचा अर्थ, हा माणूस इथेच आहे, आत्ता येईल. कुणी मग उचलत नाही, कुणी त्या जागेवर बसत नाही. दुसरी एक चाल आहे, ती कुणी बोलून दाखवत नाही. उन्हात बिअर पिऊन डुलकी लागलेल्या माणसाला उठवायचं नाही. उठवणारा बाहेरगावचा, असं आम्ही समजतो.

रोझविटा बुंध्याला टेकून बसली होती, टोपी डोळ्यांवर ओढलेली. समोर मुळ्याचा डबा आणि दोन मग. तिच्या मगातला एकच घोट कमी झालेला. दुसऱ्यावर चकती. दीड तास लोक तिच्या बाजूने गेले, मग भरून आणले, मुलांना दटावलं की आजी झोपल्यात, आवाज करू नका.

डॉक्टर म्हणाले, हृदय. लवकर आणलं असतं तर, असं त्यांनी सुरू केलं आणि मग माझ्याकडे बघून थांबले.

दफन झालं. शोर्श मागे, फाटकाजवळ उभा होता. मी त्याच्याकडे गेलो नाही.

तिच्या पिशवीतून कागद मिळाला. एक ते आठ नंबरांवर पेन्सिलीच्या खुणा. कांद्याच्या समोर "यंदा खिमा कोरडा, पण चालेल". नऊ नंबरच्या समोर फक्त "ओ. आल्यावर".

ईस्टरसाठी तिन्ही खोल्या आधीच ठरलेल्या होत्या. छापखान्याच्या माणसाचा फोन आला. "ओटमारसाहेब, बुधवारपर्यंत मजकूर द्या. नाहीतर मागच्या वर्षीचाच छापतो, कुणाला कळणार आहे?"

"तिला कळलं असतं," मी म्हणालो.

सोमवारी मी वर गेलो. टेकडी पूर्वीपेक्षा उभी झाल्यासारखी वाटली. झाडांना नुकती पानं फुटत होती. बुंध्याशी आमचं जुनं टेबल होतं. कुणीतरी ते परत जागेवर आणलं होतं. मी खिडकीवरून दोन मग घेतले. सुनेने पैसे घ्यायला नकार दिला, मी ते तिथेच ठेवून आलो.

शोर्श बाहेर आला आणि उभाच राहिला. तो खूप म्हातारा झालाय. मीही झालोच असणार.

"बसू?"

"केलर तुझा आहे."

तो बसला. मग म्हणाला, "टेबल मी नऊ वर्षांपूर्वीच परत आणलं. तुला सांग म्हणून रोझविटाला म्हटलं होतं. ती म्हणाली, मी सांगणार नाही, तो स्वतः येऊन बघेल."

मी टेबलाच्या कडेवरून हात फिरवला.

"त्या दिवशी मी खिडकीतून बघितलं," तो म्हणाला. "दोन मग. एकावर चकती. मला वाटलं, आला एकदाचा हट्टी म्हातारा. संडासला गेला असेल, नाहीतर मला टाळत झाडांमागे फिरत असेल. मला आनंद झाला, ओटमार. मी सुनेला म्हटलं, त्या टेबलाकडे कुणी जायचं नाही. त्यांना त्यांचं बसू दे. आणि मी आत जाऊन बसलो. माझं तोंड बघून तू परत उठून जाशील म्हणून."

"किती वेळ?"

"ते विचारू नको मला."

"किती वेळ, शोर्श?"

"तासभर. जास्तच. नेहमीसारखा दिवस असता तर मी तिच्याशी दोन शब्द बोलायला आलो असतो. दर वर्षी यायचो."

तो रडायला लागला, तोंड न झाकता, लोकांसमोर. मला त्याचा राग यायला हवा होता. आला नाही. त्याच्यासाठी काही वाटलंही नाही. मी त्याला सांगितलं की मी बूट घातले होते आणि काढले. हे मी तोवर कुणालाच सांगितलं नव्हतं. त्याने नुसती मान हलवली.

मी बिअर प्यालो. थंड, थोडी कडवट, फेस दाट. अकरा वर्षांपूर्वी होती तशीच.

"कशी आहे?" त्याने विचारलं.

"चांगली आहे."

"मग लिही ना कागदावर."

"दोन जिभा लागतात."

"माझी घे."

"तू बनवणारा. तुझी धरत नाहीत. तिनेच ठरवलंय ते."

तो जरासा हसला, नाक पुसत. "इर्मगार्डला आण."

"तिला जिना उतरता येत नाही."

"सुनेला पाजतो."

"ती तुझ्या बाजूने बोलणार."

दुसरा मग तसाच होता, त्यावर मी सवयीने चकती ठेवली होती. ती दिसताच शोर्शने हात पुढे केला आणि चकती काढून घेतली. मी त्याला अडवलं नाही. तो मग कुणीच प्यालं नाही. सूनबाईंनी तो नंतर गवतात ओतला.

बुधवारी मी मजकूर दिला. एक ते आठ, तिच्या शब्दांत, तिने केलेल्या दुरुस्त्यांसह. नऊचा आकडा छापायला सांगितला आणि पुढे जागा सोडायला लावली.

गुरुवारी डेन्मार्कचं एक जोडपं आलं, तिशीतलं. बाईने कागद वाचला, मागे उलटून बघितला.

"नऊ नंबरला काय आहे?"

"केलर आहे. टेकडीवर."

"चांगला आहे का?"

मी तिला रस्ता सांगितला. चांगला आहे की नाही, ते सांगितलं नाही. संध्याकाळी ती दोघं परत आली तेव्हा बिअर कशी लागली, ते मी त्यांना विचारणार होतो. दोघंही दमली होती, थेट वर खोलीत गेली, सकाळी लवकर निघून गेली. मी विचारलं नाही.

यंदाचे दोनशे कागद टेबलावर आहेत. पाहुण्यांनी चौदा नेलेत. नऊ नंबरची ओळ लिहायची राहिली आहे.