तिसऱ्या फेजचा आवाज

विजेच्या मोटारी रिवाइंड करायचं दुकान बंद करून बाबांना वर्ष होत आलं, तरी खालच्या खोलीतली थ्री-फेज लाइन त्यांनी काढू दिली नव्हती. तिथे त्यांचा रेझोनन्सचा उद्योग चालायचा. प्रत्येक फेजला एक कॉइल आणि एक कपॅसिटर. कॉइलमधला लोखंडी गाभा हळूहळू आत सरकवायचा. दोघांचं जुळलं की करंट उसळतो आणि कपॅसिटरवर लाइनपेक्षा कितीतरी जास्त व्होल्टेज चढतं. तिन्ही फेज एकदम जुळवायच्या, या हट्टाला ते पेटले होते.

"लोकांचा एक संसार जुळत नाही, हे तीन मांडून बसलेत," आई म्हणायची.

त्या दुपारी थोरली मुलगी चहा घेऊन खाली निघाली आणि जिन्यातच थबकली. कॉइल नेहमी गुणगुणायच्या. आज एक चक्क किंचाळत होती. बाबा पहिल्या फेजच्या मीटरला डोळे लावून बसले होते. त्यांच्या पाठीमागे तिसऱ्या कॉइलचा गाभा आपोआप आत ओढला जात होता, आणि तिच्या कपॅसिटरचं झाकण फुगलं होतं.

"बाबा, बंद करा."

त्यांनी मानही वळवली नाही. ती पुन्हा ओरडली. मग कप पायरीवर टेकवून धावली आणि मेन स्विच खाली ओढला.

बाबा भडकले. "जुळत आलं होतं, कोणी सांगितलं तुला?" मागे वळून त्यांनी फुगलेल्या कपॅसिटरकडे हात नेला. तिने मनगट धरलं.

"लाइन गेली तरी चार्ज राहतो. तुम्हीच शिकवलंत. एवढी कॉइल ओरडत होती, ऐकू नाही आली?"

"आली की."

"मी दोनदा हाक मारली, बाबा."

ते स्टुलावर बसले.

"मोटारीचा बिघाड मी आवाजावरून ओळखायचो," ते म्हणाले. "ते गेलं, म्हणून दुकान बंद केलं. गिऱ्हाइकांना सांगितलं, थकलो. इथे मीटर बघून भागेल, असं वाटलं."

त्यांच्या तिरसटपणाला सगळं घर कंटाळलं होतं. विचारलं एक की उत्तर भलतंच, म्हणून हळूहळू सगळ्यांनी बोलणंच तोडलं होतं.

संध्याकाळी तिने आईला सांगितलं. भाजी निवडणारे आईचे हात थांबले.

"आणि मला वाटत होतं," ती म्हणाली, "माझ्याशी बोलायचं टाळतात."

पुढच्या आठवड्यात वायरमन लाइन तोडायला आला, तेव्हा शिडी बाबांनीच धरली. कानाच्या डॉक्टरकडे जायला मात्र ते अजून तयार नाहीत.