शेवटचा आकडा

"सहा मीटर वीस," वॉरिक पडद्याकडे बघत म्हणाला. "थांबलंय पाणी. सुटलो."

नोरीनला ते पटेना. मरूना नदी चार दिवस फुगत होती, खिडकीबाहेर पाऊस कोसळत होता आणि पुलावरच्या पाणी मोजणाऱ्या यंत्राचा आकडा मात्र एका सेंटिमीटरनेही हलत नव्हता.

नोरीन टास्कर एकोणसाठ वर्षांची होती. कॅरावाँगच्या नगरपालिकेचे संगणक ती बावीस वर्षं सांभाळत होती. पूर-इशाऱ्याची वेबसाइट तिचीच. पाच वर्षांपूर्वीच्या पुरात सगळं गाव एकदम त्या साइटवर तुटून पडलं आणि ती बंद पडली. मग नोरीनने ती नव्याने बांधली. आकड्याच्या प्रती तीन शहरांतल्या सर्व्हरवर ठेवल्या. एक गेला तर दुसरा उभा. नवं काही आलंच नाही, तर शेवटचा आकडा दाखवत राहायचं. लोकांना कोरा पडदा दिसता कामा नये. तिच्या साहेबाने, वॉरिकने, त्यावर सिडनीत भाषणही दिलं होतं.

आकडा किती वाजताचा, हेही खाली लिहावं असं तिने तेव्हा सुचवलं होतं. "उगाच घाबरतील लोक," वॉरिक म्हणाला होता. तिनेही फार ताणून धरलं नव्हतं.

"यंत्राकडून शेवटचा निरोप नऊ बाराला आलाय," ती आता म्हणाली. "आत्ता दहाला दहा मिनिटं कमी आहेत."

"नेटवर्क गेलं असेल."

"किंवा यंत्रच वाहून गेलं असेल. तो आकडा काढते मी."

"वेडी आहेस का? अकरा हजार लोक बघतायत. सगळं बंद पडलंय, एवढी एकच गोष्ट चालू आहे."

"चालू आहे, पण खोटं बोलतेय."

तिने परवानगीची वाट पाहिली नाही. आकडा काढून मोठ्या अक्षरांत लिहिलं : पाणी किती आहे ते आम्हाला माहीत नाही. उंचावर जा. पण तिन्ही शहरांतल्या प्रती बदलायला सहा मिनिटं लागणार होती. जुनं घट्ट धरून ठेवायला तिनेच त्यांना शिकवलं होतं.

तेवढ्या वेळात तिने नदीच्या वळणावरच्या घरांना फोन लावायला घेतले. दुसरा फोन डेस क्विगलीला लागला. त्याचं आणि त्याची बायको बर्निसचं घर, गोठा सगळ्यांत खाली होतं.

"काय गं नोरीन, सहा-वीसच तर आहे. मागल्या खेपेला सातच्या वर गेलं तेव्हा कुठे अंगणात आलं. बर्निसला बहिणीकडे सोडून आलोय. गाई मोकळ्या करतो न् निवांत चहा टाकतो."

"डेस, तो आकडा जुना आहे. गाई राहू दे, आत्ता निघ."

"अगं, तुझ्याच साइटवर आहे की."

"माझी साइट चुकीचं दाखवतेय."

"बरं. तेवढं फाटक उघडतो आणि निघतोच."

नवी ओळ वाचून त्या सकाळी शेकडो माणसं टेकडीवर गेली. डेस तिसऱ्या दिवशी कुंपणापाशी सापडला. गाई वाचल्या होत्या.

चौकशीत वॉरिकने कागद वाचून दाखवला : संपूर्ण पुरात साइट एक क्षणही बंद पडली नाही. ते खरं होतं. मग अध्यक्षांनी नोरीनला विचारलं.

"ती बंद पडायला हवी होती," नोरीन म्हणाली. "पडू नये अशी मी बांधली."

"आकड्याखाली वेळ का नव्हती? कुणी नको म्हटलं होतं?"

वॉरिक टेबलाकडे बघत होता.

"मी सुचवलं होतं," ती म्हणाली, "आणि मीच सोडून दिलं."

शनिवारी ती क्विगलींकडे गेली. बर्निस एकटीच स्वयंपाकघरातला गाळ फावड्याने खरवडत होती. तिने मान वर केली.

"फोनवर तूच होतीस ना?"

"हो."

बर्निसने हनुवटीने भिंतीकडे खूण केली. तिथे दुसरं फावडं टेकून ठेवलेलं होतं. नोरीनने बाह्या वर केल्या, ते उचललं आणि दाराजवळच्या कोपऱ्यापासून सुरुवात केली.