सातव्या होलचं तळं

आमच्या बाबांनी आयुष्यात बरीच गोल्फची मैदानं आखली, पण जीव लावला तो एकाच होलवर. सातव्या. समोर तळं, तळ्यापलीकडे ग्रीन, म्हणजे भोकाभोवतीचं कातरलेलं गवत, आणि त्यात झेंडा. डावीकडून तळ्याला वळसा घालून जाणारी रुंद हिरवळ. तिकडून गेलं तर एक फटका जास्त लागतो, पण बॉल कोरडा राहतो. तळ्यावरून नेम साधला तर तो फटका वाचतो. बाबांनी आखलेलं बाकी सगळं क्लबच्या नव्या मंडळींनी कधीच बदलून टाकलं होतं. हे तळं तेवढं उरलं होतं, आणि आता तेही बुजवायचं घाटत होतं.

तक्रार सभासदांची. बॉल बुडतात म्हणे! निकाल द्यायचा होता क्लबच्या परीक्षकांनी. गृहस्थ इतके काटेकोर की आम्ही घरात त्यांना फूटपट्टी म्हणतो. स्वतःही दर आठवड्याला तळ्याला एक बॉल वाहणारे. क्लबच्या खोलीत त्यांनी नकाशाच्या टोकांवर चहाचे कप ठेवले आणि म्हणाले, "होल अवघड असण्याला माझी हरकत नाही. पण खेळणाऱ्याला निवड हवी. इथे सगळ्यांचे बॉल तळ्यातच जातात. ही सक्ती झाली."

"डावीकडे वाट आहे की," बाबा म्हणाले.

"जिथून कुणीच जात नाही, ती वाट कसली?"

"मी जाऊन दाखवतो."

"दाखवा. गेलात, तर तळं राहील."

मी निर्धास्त झाले. बाबा म्हणजे सावधपणाचा अर्क. दाराचं कुलूप ओढून बघून, जिन्यावरून परत येऊन पुन्हा ओढणारा माणूस. डावीकडे एक साधा फटका मारला की काम फत्ते.

सातव्या होलवर बाबा गोल्फची काठी घेऊन उभे राहिले. डावीकडे बघितलं. झेंड्याकडे बघितलं. पुन्हा डावीकडे. मग त्यांचे पाय हळूहळू वळायला लागले. मी खोकले. जोरात खोकले.

"घसा धरलाय का गं?" असं विचारून त्यांनी फटका मारला तो थेट झेंड्याच्या रोखाने. डुबुक!

माझ्या डोळ्यांत पाणीच आलं, आणि राग तर असा आला की सांगता सोय नाही. "बाबा, अहो, तुमचंच तळं ना हे?"

"डावी वाट दिसली नाही?" फूटपट्टींनी विचारलं.

"दिसली ना."

"मग?"

"वाटलं, आज जमेल." बाबांचा चेहरा पार उतरला होता.

फूटपट्टी तळ्याच्या काठापर्यंत चालत गेले. "मलाही दर वेळी तसंच वाटतं," ते म्हणाले. "तुम्हाला कुणी ढकललं नाही. मलाही नाही. उगाच तळ्याला नावं ठेवत होतो मी. राहू दे ते."

मी बाबांचा हात घट्ट धरला. आनंदाच्या भरात रागवायचं राहूनच गेलं.

"चला, निदान एकदा तरी डावीकडून जाऊन बघू," फूटपट्टी म्हणाले. बाबांनी खुशीत त्यांना एक बॉल दिला, एक स्वतः घेतला. मग दोघंही, एकमेकांची नजर चुकवत, झेंड्याकडे तोंड करून उभे राहिले.