हाक मारून बगितलेली खोली

बायकूच्या डोस्क्यात कवा काय शिरंल ह्याचा नेम न्हाय. मी कोंडीबा, रेल्वेच्या गँगचा मुकादम. बत्तीस वरसं रूळ ठोकले, खडी भरली, सायबांच्या शिव्या खाल्ल्या आन खालच्यांना दिल्या. आता वय झालं, नोकरी सुटली. म्हयनाअखेरीला होटगीची रेल्वेची खोली सोडायची आन फुडं सोलापुरात ऱ्हायचं, एवडं ठरलं व्हतं. सोलापुरात कुटं, एवडंच ऱ्हायलं व्हतं.

माज्यापुरतं तेबी ठरलेलं. ठेसनामागच्या चाळीत माजा जोडीदार पीरसाब ऱ्हातो. इंजनात कोळसा मारून मारून त्याचं बी वय झालं. त्यानं शेजारची खोली माज्यासाठी धरून ठिवली. "कोंडीबा, बाकडं बी करून घेतलंय," म्हनला. "रोज बसू, गाड्या बगू. कुटली गाडी लेट हाय ते मास्तरच्या आदी आपल्याला कळंल." म्या तितल्या तितं सबूद दिला. म्हातारपनी मानसाला आनकी काय पायजे?

घरी येऊन सांगितलं. माजी बायकू सोजरबाई सुपात जवारी निवडत व्हती. मान बी वर केली न्हाय. म्हनली, "खोली म्या बगनार."

"म्या बगितली की."

"तुमी बत्तीस वरसं बगितली. रानात म्हनला, रानात चूल मांडली. रुळाकडंला म्हनला, रुळाकडंला मांडली. कवा तोंड वाकडं केलं? आता ही शेवटची चूल. ही म्या म्हनंल तितं."

राग माज्या नाकावर, हे सगळ्या लाइनीला ठावं हाय. पन बाई बोलली त्यात खोट काडायला जागा न्हवती, म्हनून आनकीच राग आला. म्हनलं, "आन बगनार कशी? भिंती बगनार का पत्रा?"

"हाक मारून."

"काय?"

"भर दुपारचं गल्लीत उबं ऱ्हायचं, आन जीव खाऊन हाक मारायची. किती दारं उगडत्यात ते बगायचं."

"येडी म्हनतील लोक!"

"म्हनू दे. येडीला बगायला तरी येतील की." आन परत जवारी निवडाय लागली.

पयल्यांदा माज्या चाळीत गेलो. पीरसाबनं च्या ठिवलेला, बाकडं झटकून ठिवलेलं. सोजरबाईनं च्या घेतला, कप पालथा घातला, आन चाळीच्या मदोमद जाऊन वराडली, "अगं बया गं! कुनी हाय का गं!" नेमकी त्याच टायमाला मेलच्या इंजनानं वाफ सोडली. फुस्सऽ करून सगळी चाळ धुरात. एक दार उगडंल तर शपत! पीरसाब तर हाताच्या अंतरावर. इंजनानं त्याचे कान कवाच गेलेत. मला इचारतो, "भाभी काय म्हनल्या?"

म्या म्हनलं, "अगं, आता इंजन गेलं. परत एक डाव मार."

"दुखनं काय टाइमटेबल बगून येतं व्हय?" म्हनली, आन चालाय लागली. पीरसाब बाकड्यावर बसला तो बसलाच. मला त्याच्या तोंडाकडं बगवंना.

दुसरी खोली एका वकिलाच्या बंगल्यामागं व्हती. लई गोड पान्याची हीर, वर कडुनिंबाची सावली. मला ती बी पसंत पडली. सोजरबाईनं हाक मारली. पल्याडच्या बंगल्यातलं कुत्रं भुकलं. मंग गड्यानं भिताडावरनं डोसकं काडलं आन बारीक आवाजात म्हनला, "सायब झोपलेत. काय आसंल ते हळू करा."

"चला," सोजरबाई म्हनली. पानी बी प्याली न्हाय.

परत ठेसनाकडं निगालो तवा माज्या पायांचं पार भजं झालेलं. त्यात ही शिरली पद्मशाली इनकरांच्या गल्लीत. तितं घरटी हातमाग. दारादारात खटाक खटाक, खटाक खटाक. मी बोललेलं मलाच आयकू यीना. एका घराला कुलूप दिसलं. शेजारच्या बाईनं, तिचं नाव नरसव्वा, मोडक्यातोडक्या मराठीत सांगितलं की खोली रिकामी हाय, आन ती आपल्या मागाकडं गेली.

म्या म्हनलं, "हे बग, हितं हाक मारू नगं. ह्या खटखटीत तोफ डागली तरी कुनाला कळायचं न्हाय. आन ही सगळी तेलगू मान्सं. तू काय बोलनार त्यांच्यासंगं?"

तिनं पदर खोचला आन वराडली. "अगं बया गं! कुनी हाय का गं!"

शेजारचा माग थांबला. मंग समोरचा थांबला. मंग त्याच्या पल्याडचा. बगता बगता गल्लीच्या टोकापातूर सगळी खटखट गप झाली. इनकराचा माग थांबला म्हंजी त्याची भाकरी थांबली, एवडं मला बी कळतं. मी तितं उबा, आन माज्या कानात नुसता गपपना.

मंग दारं उगडली. नरसव्वा तांब्या घिऊन धावली. एकजन कांदा फोडत आली, नाकाला लावाय. एक म्हातारा मागाच्या खड्ड्यातनं वर आलेला, बोटाला सूत तसंच गुरफटलेलं. "एमय्यिंदम्मा? काय झालं?" सगळी एकदम इचाराय लागली.

आमचं ठरलेलं व्हतं, कुनी आलंच तर पाय मुरगळला म्हनायचं. पन सोजरबाई त्या कुलपाच्या घराच्या उंबऱ्यावर मटकन बसली आन रडाय लागली. खरंखरं, हुंदके दिऊन. नरसव्वानं तिचं डोसकं पोटाशी धरलं. मला काय करावं कळंना, मी टोपी काडून हातात धरली.

होटगीच्या गाडीत बसल्यावर ती आपनहून बोलली. "आपल्या पयल्या पोराच्या टायमाला, तुमाला याद हाय?"

याद न्हाय कशी? रानातली खोली. दोन मैलात दुसरं घर न्हवतं. मी सकाळी लाइनीवर गेलेलो, दिवस मावळताना आलो. पोरगं आलं आन गेलं व्हतं. मागनं दोन लेकी झाल्या, आपल्या घरी नांदत्यात. पन त्या पोराचं नाव आमी कवा काडलं न्हाय.

"त्या दिवशी म्या दुपारपास्नं हाका मारल्या," ती म्हनली. "घसा फुटंस्तवर."

मला वाटलेलं, ती गप पडून ऱ्हायली आसंल. तीस वरसं मला तसंच वाटत व्हतं. खिडकीतनं बाहीर बगितलं, तर माज्या हातानं ठोकलेला रूळ संगं पळत व्हता. लई वंगाळ वाटलं. म्हनलं, "खोली हीच घ्यायची."

मांडामांड केली. पयल्या दिवशी नरसव्वानं भात आनला, सोजरबाईनं तिला जवारीची भाकरी दिली. दोगी आपापल्या भाषेत बोलत्यात आन दोगींना सगळं कळतं, देवाला ठाऊक कसं. पीरसाब चार दिवस रुसला. पाचव्या दिवशी बाकडं डोक्यावर घिऊन दारात हजर.

म्या म्हनलं, "लेका, हितं गाड्या न्हाईत."

"मागाचा धोटा हाय की," म्हनला. "हिकडनं तिकडं जातो, तिकडनं हिकडं येतो. आन कवा लेट न्हाय." बसला, आन दिवसभर एकेकाच्या मागाकडं बगत ऱ्हायला. मागाची खटखट त्याला आयकू येत न्हाय, बाकड्याला हात लावला की कळती म्हनतो. मी बी त्याच्याशेजारी बसाय लागलो. सुकात व्हतो, खोटं कशाला बोलू?

आठव्या दिवशी भर दुपारची हाक आली. तेलगूत. एक आक्षर मला कळलं न्हाय. माग पटापट थांबले. सोजरबाई चुलीम्होरं बसलेली, हाताला पीठ, तव्यावर भाकरी. तशीच उटली आन पळाली. साठीला टेकलेली बाई, पोरीवानी पळाली! तिला कवा कुनाच्या हाकंला पळायला मिळालंच न्हवतं, हे मला तवा समजलं.

मी बाकड्यावर बसूनच ऱ्हानार व्हतो. एवड्या बाया गेल्या, मी जाऊन काय करनार? पन पाय थांबंनात. दारातली भरलेली घागर उचलली आन निगालो. गुडगे कुरकुरत व्हते, पानी धोतरावर हिंदकळत व्हतं. मागनं पीरसाब वराडत व्हता, "कुटं चाललास?"

टोकाच्या घरात सुताला लावायची उकळती खळ एका सुनंच्या पायावर सांडलेली. बाया तिला धरून बसलेल्या, आन घरातलं पानी संपलेलं. मी सगळ्यांच्या मागनं पोचलो.

सोजरबाईनं वळून बगितलं. माज्याकडं, घागरीकडं, परत माज्याकडं.

"आलात व्हय?" म्हनली.

"आलो," म्या म्हनलं. "लई लेट झाला. पन आलो."

तिनं माज्या हातातनं घागर घेतली, आन पोरीच्या पायावर हळूहळू पानी सोडाय लागली.