पाणी धरलं नाही

रागाच्या बाबतीत मी बाबांवर गेलेय, असं आई म्हणते. धान ओलं म्हणून वजन कापतात, त्यावरून बाबा काट्यावर भांडतात, मी कॉलेजात. पण त्या दिवशी मी भांडले ते बारावीच्या केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलला, परीक्षा चालू असताना, बाहेरच्या परीक्षकांसमोर. तेव्हापासून वर्गातली अर्धी पोरं माझ्याशी बोलत नाहीत. न बोलोत! मी सांगायची थांबणार नाही.

आमचं ज्युनिअर कॉलेज आमगावपासून जवळच आहे. नाव घेत नाही, घेऊन काय उपयोग. लॅब आहे, लॅबमध्ये कपाट आहे, कपाटात काचेची सगळी भांडी आहेत आणि कपाटाला कुलूप आहे. केमिस्ट्रीला इंद्रकुमार सर. माणूस दुष्ट नाही, पण आळस असा की खाली पडलेला खडूसुद्धा दुसऱ्यानं उचलून द्यावा. आमचं प्रॅक्टिकल म्हणजे काय, तर सर फळ्यावर लिहिणार, "टायट्रेशन, रीडिंग दहा," आणि आम्ही ते जर्नलमध्ये उतरवणार. झालं प्रॅक्टिकल. दोन वर्षं हेच.

मी सरांच्या मागे लागले होते. "सर, एकदा करू तर द्या ना जी." रोज तेच. शेवटी वैतागून त्यांनी किल्ली टेबलावर आपटली. "घे बाई, कर. फुटलं तर मले सांगाले येऊ नको." मी एकटीच जाऊन पुस्तक उघडं ठेवून करत बसायची. म्हणून अख्ख्या वर्गात ब्युरेट, म्हणजे ती तोटीची मापाची काचनळी, धरता येणारी मी एकटी. याचा मला अभिमान वाटत नाही, चीड येते. माझ्या बाकावरची नीतू माझ्यापेक्षा हुशार आहे, गणितात तर नक्कीच. तिला काऊन नाही शिकवलं?

तर परीक्षा. मला बी.एस्सी.ला जायचंय, केमिस्ट्री घेऊन, आणि त्यासाठी प्रॅक्टिकलचा एकेक मार्क मला हवा होता. टायट्रेशन आधी आणि सॉल्ट ओळखणं नंतर, असं मी ठरवलं. टायट्रेशनला मोर सॉल्ट आलं. फिकट हिरवे खडे असतात, त्यात लोखंड असतं. सरांनी आदल्या दिवशीच ते पाण्यात विरघळवून मोठ्या बाटलीत भरून ठेवलेलं. त्यातलं मोजून दहा मिलिलिटर चंबूत घ्यायचं, आम्ल घालायचं आणि वर ब्युरेटमधून जांभळं परमँगनेट थेंब थेंब सोडायचं. चंबूत लोखंड आहे तोवर जांभळा रंग जिरत जातो. लोखंड संपलं की पुढचा एक थेंब फिकट गुलाबी राहतो. तिथं थांबायचं आणि किती मिलिलिटर गेलं ते वाचायचं.

माझं सात पूर्णांक दोन आलं. पुन्हा केलं, सात पूर्णांक दोन. तिसऱ्यांदाही तेच.

मान वर केली तर सर टेबलाटेबलावरून फिरून राहिले होते. गोंदियाचे परीक्षक कोपऱ्यात चहा घेत बसलेले. सर खोकल्यासारखं करायचे आणि दोन्ही हातांची बोटं उघडून दाखवायचे. दहा. पोरं लिहून राहिली होती दहा. हिमांशूनं तर ब्युरेट भरलीसुद्धा नव्हती, कोरडी ठणठणीत, आणि त्याच्या पेपरवर तीन वेळा दहा!

सर माझ्यापाशी आले. मी हळूच म्हटलं, "सर, सात पूर्णांक दोन येऊन राहिलं."

"दहा लिही."

"पण येत नाई ना जी."

"इतकी वर्षं दहाच येऊन राहिलं. तुलेच काऊन येत नाई? लिही गुपचूप."

माझे कान तापले. मी पुन्हा एकदा सगळं आठवून पाहिलं. हात चुकला नव्हता. मग माझी नजर त्या मोठ्या बाटलीवर गेली. तिच्यावर सरांच्याच अक्षरात चिठ्ठी होती : मोर सॉल्ट, एक लिटरमध्ये एक दशांश मोल, २८.४ ग्रॅम.

अठ्ठावीस?

मोल म्हणजे काय ते सरांनीच अकरावीत लिहून दिलं होतं. कणांचा एक ठरलेला गठ्ठा, आणि प्रत्येक पदार्थाच्या गठ्ठ्याचं वजन वेगळं. मोर सॉल्टच्या एका मोलाचं वजन तीनशे ब्याण्णव ग्रॅम. कारण त्या खड्यात पाणी असतं. वरून ओलं झालेलं नव्हे, खड्याच्या आत बसलेलं, एका रेणूमागे सहा पाण्याचे रेणू. त्या सहांचं वजन एकशे आठ. सरांनी ते एकशे आठ सोडून दिले. दोनशे चौऱ्याऐंशी उरले, त्याचा दहावा हिस्सा अठ्ठावीस पूर्णांक चार. घ्यायचं होतं एकोणचाळीस पूर्णांक दोन.

हे आमच्या घरी लहान पोरालाही कळेल. धान ओलं असेल तर काट्यावर जास्त टाकावं लागतं, तेव्हा कुठं सुक्याइतकं भरतं. सरांनी ओला माल घेतला आणि वजन सुक्याचं लावलं. मग बाटलीत लोखंड कमी पडणार, आणि लोखंड कमी तर परमँगनेटही कमीच लागणार. दहाच्या जागी सात पूर्णांक दोन. बरोबर तेवढंच!

मी गप्प बसायला हवं होतं, असं आता सगळे म्हणतात. मला नाही बसता आलं.

"सर, तुमी पानी धरलंच नाई!"

अख्खी लॅब थांबली. सर ओरडले, "कायले बोंबलून राहिली? चूप बस!"

"नाई बसत! तुमचं वजन चुकलं, आन् आमाले खोटं लिहाले लावून राहिले तुमी!"

परीक्षक कप ठेवून उठले. "क्या हुआ? काय चाललंय?" मी चिठ्ठी दाखवली, सांगितलं. त्यांनी स्वतः ब्युरेट भरली, स्वतः थेंब सोडले, वाकून वाचलं. सात पूर्णांक दोन. मग सरांकडे पाहिलं, आणि एकेक टेबलावरचा पेपर उचलत गेले. दहा. दहा. दहा. हिमांशूची कोरडी ब्युरेट त्यांनी दोन बोटांनी हलवून पाहिली.

आता सर शिव्या खाणार, असं मला वाटलं. छे! परीक्षक परत माझ्याकडेच आले.

"बेटा, तेरा हिसाब सही है. पण या बाकीच्यांचं काय करू? यांना दहा कुठून आलं? एक तर सगळ्यांना शून्य देतो. नाही तर तू दहा लिही आणि विषय संपव. पूर्ण मार्क देतो तुला. बोल."

नीतू माझ्याकडे बघत होती. तिच्या डोळ्यांत पाणी आणि नुसता राग. "तुले आत्ताच बोलाचं होतं काय वो?" ती म्हणाली.

तेव्हा माझं डोकं खरं फिरलं. "मी काऊन बोलू जी?" मी परीक्षकांना म्हटलं. "वजन चुकवलं सरांनी, निकाल द्याचा तुमाले, आन् पाप माह्या डोक्यावर? वेळ हाय ना अजून? पुन्हा करू द्या सगळ्यांले. जे येईन ते लिहितीन."

आणि सर पटकन बोलून गेले, "पण यांना ब्युरेट धरता येत नाही."

बोलले आणि जीभ चावली. दोन वर्षांचा सगळा प्रकार त्यांच्याच तोंडून बाहेर पडला होता. परीक्षकांनी घड्याळाकडे पाहिलं. "अर्धा तास आहे. ज्याला करायचंय त्यानं करा. वेळ वाढवून मिळणार नाही."

माझं सॉल्ट अजून पुडीतच होतं. पांढरी भुकटी, ती ओळखायची, आठ मार्क. मी पुडीकडे पाहिलं, नीतूकडे पाहिलं, आणि स्वतःलाच शिवी घातली.

"इकडे या सगळे! नीतू, डाव्या हातानं तोटी धर. डाव्या! हिमांशू, आधी भर ना बे ती, कोरडी काय धरून राहिला? फनेल काढा वरून, नाई तर थेंब पडत राहतात. सर, तुमी पण काढा ना, नुसते उभे काय राहिले!" सरांनी खरंच काढलं फनेल. मी या टेबलावरून त्या टेबलावर पळत होते आणि ओरडत होते. एकाचा चंबू गडद जांभळा झाला, फेकायला लावला. दुसरा आम्ल घालायलाच विसरला, चंबूत तपकिरी गढूळ झालं, तोही फेकला. नीतू तोटी जेमतेम फिरवत होती. "एक थेंब," मी तिच्या कानाशी म्हटलं, "हलव. अजून एक. थांब. थांब!"

चंबू फिकट गुलाबी झाला आणि तसाच राहिला. नीतूनं खाली वाकून वाचलं.

"किती?"

"सात पूर्णांक दोन," ती म्हणाली. तिनं आधीचं दहा खोडलं, इतक्या जोरात की कागद फाटला.

घंटा झाली. कोणाचं सात पूर्णांक एक, कोणाचं साडेसात, हिमांशूचं नऊ, पण ते त्याचं स्वतःचं होतं. माझी सॉल्टची पुडी उघडलीच नव्हती. परीक्षकांनी ती उचलून पाहिली, माझ्याकडे पाहिलं, आणि त्या रकान्यात रेघ मारली. नीतू दप्तर उचलून सरळ निघून गेली, मागं वळून पाहिलं नाही. खोटं कशाला बोलू, मी पायरीवर बसून रडले. रागानं रडले.

फाटकापाशी बाबा गाडीवर वाट बघत होते. धान घालून थेट काट्यावरूनच आलेले, अंगावर कोंडा, तोंड उतरलेलं.

"आज बी पानी कापलं साल्या काटेवाल्यानं," ते म्हणाले. मग माझं तोंड पाहिलं. "काऊन वो बाई? तुये बी मार्क कापले का काय?"

"हाव. आठ."

"कायले?"

"पानी धरलं म्हणून."

तिथं फाटकातच मी त्यांना सगळं सांगितलं. बाटली, चिठ्ठी, खड्यातलं पाणी, दहा बोटं. मोर सॉल्ट त्यांना काय कळणार, पण ओला माल आणि सुकं वजन पुरतं कळलं. माझं सांगून झाल्यावर त्यांनी चालू गाडी बंद केली, खाली उतरून स्टँडवर लावली आणि टॉवेल झटकून खांद्यावर टाकला.

"चाल," म्हणाले. "कोनता सर हाय तो, दाखव मले."