आईच्या खोलीतला कॉम्प्युटर

घराघरांत रिकामे बसलेले कॉम्प्युटर एकमेकांना जोडायचे आणि त्यांच्याकडून मोठमोठी गणितं सोडवून घ्यायची, हा थोरल्याच्या कंपनीचा धंदा. पहिला कॉम्प्युटर आईच्या खोलीतला. "हा कधी बंद करू नकोस हं," त्याने तिला बजावलं होतं. कंपनी फोफावली, विकली गेली आणि गेल्या वर्षी नव्या मालकाने तिला टाळं ठोकलं. हे आईला सांगायला त्याची जीभ रेटेना.

आज तो घरी आला, तर आईचं अंथरूण स्वयंपाकघरात.

"खोलीत तो मेला भट्टीसारखा तापतो," आई करवादली, "पण तुझं काम अडायला नको."

तो खोलीत डोकावला. पडद्यावर एकच ओळ होती: कामाची वाट पाहत आहे.

"सुटलं का रे गणित?"

"होत आलंय."

"मग राहू दे चालू," म्हणत तिने उशी सारखी केली.