तिपाईबाबांचे आरपार आत्मे

मुख्याधिकारी साहेब, बाबाला मी दोष देत नाही. तो त्याचा धंदा करतो. दोष तुमचा आहे. सभागृह तुम्ही दिलंत, पडदा तुम्ही दिलात आणि पहिल्या रांगेत बसून सगळ्यांच्या आधी डोळेही तुम्हीच पुसलेत. तुम्ही रडलात म्हणून गाव रडलं.

त्या संध्याकाळी सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. मंचावर हार घातलेली तिपाई, तिच्यावर कॅमेरा. लोक तिपाईच्या पाया पडत होते. “हा पाय भूतकाळाचा,” टोपीवाला शिष्य सांगत होता, “हा वर्तमानाचा. आणि हा भविष्याचा. तो जरा ढिला आहे, हात लावू नका.”

पडद्यावर फोटो सुरू झाले. गावाबाहेरचं तळं, पलीकडे टेकडी. वेळ रात्रीची, पण टेकडी दिवसासारखी उजळलेली. आकाशात चांदण्यांच्या जागी रेघोट्या. उतारावरून निळ्या उजेडाचा साप वळवळत गेलेला. आणि काठावर माणसं, ज्यांच्या पोटातून मागची झुडपं दिसत होती.

“तुमचा डोळा उघडझाप करतो,” तिपाईबाबा गरजले, “म्हणून आत्मे निसटतात! माझ्या यंत्राचा डोळा मिटत नाही, बाळांनो!”

खरं तर इथेच त्याने सगळं कबूल केलं होतं. ऐकतो कोण!

माझ्या शेजारी मावशी बसली होती. तीन महिन्यांपूर्वी अशाच एका फोटोत तिला तिचे वारलेले यजमान, आमचे काका, दिसले होते. शिंपीकामाने वाकलेली पाठ, डोक्यावर टोपी, पोटातून झुडूप. तेव्हापासून तिने हृदयाचं ऑपरेशन रद्द केलं होतं. “ते बोलावतायत गं,” म्हणायची. “जायचंच आहे, तर डागडुजी कशाला?” मी भांडले, रडले, अबोला धरला. फोटो तिच्या पर्समध्ये, गोळ्या कपाटात.

मग नवा फोटो आला. तळ्याकाठचा बाक, त्यावर चौकटीची शाल पांघरलेली एक बाई. बाकाच्या फळ्या तिच्यातून स्वच्छ दिसत होत्या.

“हा आत्मा बारा वर्षं तहानलेला आहे,” बाबा म्हणाले. “कोणाचा हा आत्मा?”

आणि साहेब, तुम्ही उठलात. “आई!” असा टाहो फोडलात की मागच्या रांगेतली तान्ही पोरं दचकून रडायला लागली. “हीच ती शाल! आई गं!”

मावशी उभी राहिली. “अहो साहेब, ही मी आहे.”

सगळ्या माना तिच्याकडे वळल्या.

“शुक्रवारी गेले होते तळ्यावर. म्हटलं, हे येतात तर भेटावं. बाकावर बसले. पाय गारठले तशी उठून घरी आले. ही बघा शाल.”

तिने अंगावरची शाल हात लांब करून दाखवली. तीच चौकट. मला तर तिने शेजारणीकडे जाते म्हणून सांगितलं होतं!

बाबा क्षणभरच गडबडले. “माताजी,” ते हळुवारपणे म्हणाले, “आपलं निधन झालं आहे. आपल्याला अजून कळलेलं नाही.”

आणि लोकांनी मान डोलावली, साहेब! किराणावाला मागे सरकून म्हणाला, “मावशी, खरं सांगा, कधी गेलात?”

“मेल्या, दुपारी तुझ्याकडून साबण नाही का नेला?”

“नेलात खरा. पण गप्प गप्प होतात.”

“मी माझ्या आईला ओळखणार नाही का?” तुम्ही गरजलात. “अधिकारी आहे मी!”

तेव्हा मागून डॉक्टर बाई पुढे आल्या. मावशीचं ऑपरेशन त्याच करणार होत्या. पेशंट यायचे का थांबले, ते बघायला आल्या होत्या. सुट्टीत डोंगर-तळ्यांचे रात्रीचे फोटो काढायचं त्यांना वेड.

“साहेब, या खुर्चीत बसा,” त्या म्हणाल्या. “कोणीतरी दिवे मालवा. मंचावरचा तेवढा बारका राहू दे.”

“यंत्र परक्या हाताला जाळतं!” बाबा ओरडले. बाईंनी तोवर बटण दाबलं होतं. जळलं काही नाही.

“कॅमेऱ्याचा डोळा आता अर्धा मिनिट उघडा आहे. साहेब, उठा. चला बाजूला.”

फोटो पडद्यावर आला. खुर्ची ठणठणीत, आणि तिच्यात आरपार दिसणारे तुम्ही.

“साहेब गेले!” कोणीतरी हंबरडा फोडला. तुमचे उपअधिकारी हात जोडून उभे राहिले. त्यांच्या डोळ्यांत दुःख कमी आणि आशा जास्त होती.

“कोणी गेलेलं नाही,” बाई म्हणाल्या. “अंधारात उजेड कमी, म्हणून डोळा बराच वेळ उघडा ठेवायचा. तेवढ्या वेळात थेंब थेंब उजेड साठतो आणि टेकडी उजळते. पृथ्वी फिरते, म्हणून चांदण्यांच्या रेघा होतात. बॅटरी घेऊन कोणी उतारावर पळालं, की झाला साप. आणि जो अर्धाच वेळ बसून उठून जातो, तो अर्धाच उमटतो. मागचं उरलेल्या वेळात उमटतं.”

मावशीने पर्समधला फोटो काढला. “मग हे?”

कोपऱ्यातल्या शिष्याने डोक्यावरची टोपी काढून हळूच खिशात कोंबली. मावशीने ते पाहिलं. ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

“पाठ तरी नीट वाकवायची रे,” ती म्हणाली. “ते डावीकडे झुकायचे.”

परतताना तिने बाईंना एवढंच विचारलं, “ऑपरेशन कधी?”

पुन्हा तपासण्या झाल्या. बाईंनी मला बाहेर बोलावलं. “तेव्हा सोपं होतं,” त्या म्हणाल्या. “आता हृदय फार थकलंय. मी प्रयत्न करीन.”

लोकहो, चमत्कार दिसला की पाया पडायच्या आधी एक प्रश्न विचारा: हे केलं कसं? उत्तर मिळालं नाही तर पुन्हा विचारा. प्रश्नाने खरा देव रागावत नाही, रागावतो तो दुकानदार.

आणि साहेब, तुम्ही वर्तमानपत्रात सांगितलंत, ‘हा श्रद्धेचा विषय आहे, मी बोलणार नाही.’ बोलावं लागेल. उद्या सकाळी मावशीला ऑपरेशनच्या टेबलावर घेणार आहेत. ती त्यावरून उठली नाही, तर ते मरण कोणाच्या नावावर लिहायचं? बाबाच्या की तुमच्या?

उत्तर द्या. उद्या सकाळच्या आत द्या.